रांग सात, क्रमांक चौदा

१

सोमवारी सकाळी दफनभूमीचं फाटक उघडलं, तेव्हा अकरा थडग्यांच्या डोक्याकडचे दगड जमिनीवर होते आणि ज्यानं ते पाडले तो माणूस पालथ्या बादलीवर बसून पोलिसांची वाट बघत होता.

सत्तरीकडे झुकलेला म्हातारा. चाळीस वर्षं याच दफनभूमीत दगड बसवणारा. त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा याच्या खिशात कायम असे, आणि याचा दगड केसभरही कलत नाही असा त्याचा लौकिक होता. पोलीस आले तसा तो उठला, पहार बाजूला ठेवली, "माझंच काम आहे," एवढं म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर त्यानं तोंड म्हणून उघडलं नाही.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं हे प्रकरण. कोणी केलं हे ठाऊक होतं. ठरवायचं होतं ते एवढंच, की त्याच्यावर कलम कोणतं लावायचं, आणि ते ठरवणार होत्या वकीलबाई.

लोकांना वाटतं शिक्षा न्यायाधीश देतात. देतात, पण माणसाला कुठल्या दारातून आत ढकलायचं हे सरकारी वकील ठरवतो. इथं दारं तीन होती. मोठं कलम मृतांच्या विटंबनेचं. मुद्दाम, अपमान करायच्या हेतूनं केलं असेल तर पाच वर्षं तुरुंग. छोटं कलम नासधुशीचं. दंड भरा आणि घरी जा. तिसरं दार म्हणजे खटलाच न भरणं. ते उघडलं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले वकिलाला उभं सोलतात. मुदत शुक्रवार दुपारपर्यंत होती.

वकीलबाईंनी शुक्रवारची वाट बघितली नाही. सव्वीस वर्षं नोकरी झालेली, कचेरीत दुसऱ्या क्रमांकाचं पद, मोठे साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार. सोमवारी दुपारी कोर्टाच्या पायरीवर वार्ताहरांनी गाठलं तसं त्या बोलून गेल्या, "जिवंत माणसाला निदान ओरडता तरी येतं. मेलेल्यांच्या बाजूनं आपल्याशिवाय कोण बोलणार? ज्याला थडग्याची चाड नाही त्याला माणसाची काय असणार? मोठं कलमच लागेल."

तोपर्यंत त्यांनी दफनभूमी बघितलीही नव्हती. त्यांची आई शिवणकाम करायची आणि म्हणायची, आधी माप, मग कात्री. इथं कात्री आधी चालली होती.

संध्याकाळी परगावाहून दादाचा फोन आला.

"चिमे, बातमी वाचली. छान बोललीस गं. आपल्या आईचा दगड ठीक आहे ना?"

"ठीक आहे रे दादा. मी स्वतः बघून आले."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. आईच्या थडग्याशी त्या नऊ वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. पहिल्या वर्षी जमलं नाही, दुसऱ्या वर्षी लाज वाटली, आणि मग दर वर्षी लाजेवर लाज चढत गेली. या रविवारी नक्की, असं म्हणत म्हणत साडेचारशे रविवार गेले होते.

२

मंगळवारी त्या हाताखालच्या वकिलाला घेऊन दफनभूमीत गेल्या. हा चाळिशीचा, जाड भिंगांचा, कमी बोलणारा गृहस्थ. कचेरीत त्याला चष्मेवालाच म्हणत.

व्यवस्थापक फाटकाशीच हजर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, आवाज मऊ. तक्रार त्यानंच दिली होती.

"काय सांगू बाई, इतकी वर्षं विश्वासानं ठेवलेला माणूस. डोकं फिरलं असणार."

वकीलबाईंनी पहिला दगड बघितला, दुसरा बघितला, आणि तिसऱ्याशी थांबल्या. पाडलेला दगड पडेल तसा पडतो. इथले दहा दगड पाठीवर निजवलेले होते, अक्षरं वर, आणि प्रत्येकाच्या खाली दुहेरी घडी घातलेलं गोणपाट. एकालाही ओरखडा नव्हता. बाळाला अंथरुणावर ठेवताना बाई मानेखाली हात घालते, तसं काहीतरी त्या कामात होतं.

चष्मेवाला हळूच म्हणाला, "मॅडम, विटंबना करणारा माणूस गोणपाट अंथरतो का?"

"अकरावा बघू या," त्या म्हणाल्या.

अकरावा सातव्या रांगेत होता, चौदाव्या जागी. तो मात्र तोंडावर आपटून तीन तुकडे झाला होता. गोणपाट नाही, काही नाही. पोलिसांची पट्टी अजून बांधलेली होती आणि पुरावा म्हणून कुणी तुकडे उलटले नव्हते. वकीलबाई गुडघ्यावर बसल्या. दगडाच्या कडेखालून चेंगरलेली फुलं डोकावत होती, देठांना लाल लोकर गुंडाळलेली. उरलेल्या बुंध्यावर तपकिरी गंज ओघळला होता. शेजारच्या पंधरा क्रमांकापुढेही एक सुकलेला गुच्छ होता, आणि त्यालाही तीच लाल लोकर.

"हे थडगं कुणाचं?"

व्यवस्थापकानं यादी पुढे केली. यादीत नावं नसत, रांग आणि क्रमांक. "दहा कुटुंबांचे जबाब पोलिसांनी घेतले. याचे वारस सापडले नाहीत. पत्त्यावर कुलूप आहे म्हणे. असतात अशी माणसं, बाई. पुरून जातात ती पुन्हा फिरकत नाहीत."

"असतात," वकीलबाई म्हणाल्या.

त्या तिथं तासभर होत्या. पट्टीला वळसे घातले, मोजमापं घेतली. आईचं थडगं त्यांना आठवत होतं ते शेवटच्या रांगेत, पाण्याच्या नळाजवळ, पुढे मोकळं रान. आता रांगा बारा झाल्या होत्या, मध्ये फरसबंद वाट आली होती, झाडं वाढली होती. लांब टोकाला एक नळ दिसला. तिकडे एकही दगड पडलेला नव्हता. त्यांना हायसं वाटलं. आधी काम, मग आई, असं स्वतःला सांगून त्या कचेरीकडे वळल्या.

"या दगडांबद्दल आधी कुणाशी काही पत्रव्यवहार?"

"अजिबात नाही. ही बघा ना जावक वही. गेलेल्या प्रत्येक पत्राचा नंबर इथं असतो."

वकीलबाईंनी वही चाळली, तसं मधलंच एक पान अलगद निसटून त्यांच्या मांडीवर पडलं. व्यवस्थापकानं ते झटकन उचललं आणि परत आत खुपसलं.

"जुनी वही आहे," तो म्हणाला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

३

गावात एक कुजबूज होती की अकरा दगड पडले म्हणजे अकरा नव्या दगडांची गिऱ्हाइकं झाली, आणि दगड विकणारा तर गावात एकच. बुधवारी सकाळी वकीलबाई त्याच्या वखारीत गेल्या. दगडवाला अंगानं आडवा आणि तोंडाचा फटकळ.

"या, या. माझ्यावरच संशय ना? बाई, मी दगड विकतो, पाडत नाही. आणि पाडायचेच असते तर नवे कोरे पाडले असते, नऊ वर्षांचे जुने कशाला?"

"सगळे नऊ वर्षांचे आहेत हे तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, मीच विकलेत. पडलेत त्यांचे क्रमांक पेपरात वाचले आणि माझ्या वहीत बघितले. अकराच्या अकरा एकाच महिन्यातले."

आईही त्याच वर्षी गेली होती. पण त्या वर्षी काय एकटी आईच गेली होती का, असं म्हणून त्यांनी तो विचार मागे सारला. त्यांनी गंजाचा डाग सांगितला, तसा दगडवाला उठला. मग फळीवरून बोटभर लांबीची पिवळी सळई काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही खुंटी. खालच्या बैठकीत भोक, वरच्या दगडात भोक, मध्ये ही. हिच्यावर दगड उभा राहतो. पितळेचीच हवी. लोखंडाची घातली तर पाणी पिऊन गंजते आणि फुगते. फुगली की दगड आतून तडकतो. बाहेरून काही दिसत नाही. आठ-दहा वर्षांनी एक दिवस कुणी नुसता हात टेकला तरी खाली."

"आणि लोखंडाची कोण घालतं?"

"शिकाऊ सुद्धा घालणार नाही," दगडवाला म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ते अकरा दगड बसवणारा कोण होता हे दोघांनाही माहीत होतं.

४

कोठडीत ओळंबा भिंतीकडे तोंड करून बसला होता. वकीलबाईंनी काही विचारलं नाही. पितळेची खुंटी बाकावर ठेवली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याची मान खाली गेली.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," तो म्हणाला. तीन दिवसांनी फुटलेला आवाज चिरका होता. "पितळ संपलं होतं. नवं यायला महिना होता. माणसं रोज येऊन उभी राहायची, डोळे सुजलेले, कधी बसवता म्हणून. मी म्हटलं, एवढ्यापुरतं लोखंड घालू. पितळ आलं की बदलू. आलं पितळ. पण बसवलेला दगड उचलायचा म्हणजे चूक कबूल करायची. मला लोक ओळंबा म्हणतात हो."

"मग?"

"दोन वर्षांपूर्वी एकाला हात लावला तर हलला. अकराही हलायला लागले होते. नियम असा, की घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नाही. मग पत्रं लिहिली. अकरा. व्यवस्थापक साहेबांनी शिक्का मारला, पाठवली. एकाचं उत्तर नाही. रोज सकाळी जाऊन दगडांना हात लावून बघायचो, अजून धरून आहेत ना म्हणून."

"मग रविवारीच का आडवे केलेत? परवानगी तर तेव्हाही नव्हती."

म्हातारा बाकावरची खुंटी बोटानं फिरवत राहिला.

"चौदा क्रमांक तुम्ही निजवला नाही. तो आपोआप पडला. आणि त्याच्यापुढे फुलं घेऊन कुणीतरी उभं होतं. कोण होतं?"

ओळंबानं परत भिंतीकडे तोंड केलं. तिकडे बघतच म्हणाला, "बाई, तुम्ही मोठं कलम लावा नाहीतर छोटं, मला दोन्ही सारखंच. शिक्षा लागलेल्या माणसाला त्या फाटकातून पुन्हा आत घेत नाहीत. माझी बायको आहे तिथं, तिसऱ्या रांगेत. रोज येता-जाता बोलतो मी तिच्याशी. तेवढं गेलं की संपलं. मग आणखी एका माणसाचं नाव कशाला घेऊ?"

दुपारी चष्मेवाल्यानं दहाही कुटुंबांना फोन केले. दहाही जणांनी सांगितलं की असलं काही पत्र आलंच नाही. काहींनी जरा जास्तच जोरात सांगितलं.

"पत्रंच नसतील तर म्हातारा थापा मारतोय, मॅडम. मोठ्या कलमाला आडकाठी नाही."

वकीलबाईंना मात्र ते निसटलेलं पान आठवत होतं. शिंपिणीच्या पोरीला शिवण कळते. शिवलेल्या वहीत एका कागदाची दोन पानं असतात, मधून टाका घातलेला. एक पान फाडलं की त्याचं जोडपान सुटतं. त्या उठल्या, तशाच दफनभूमीच्या कचेरीत गेल्या आणि सुटलेल्या पानाच्या जोडीची जागा शोधून काढली. व्यवस्थापक कागदाच्या एकाच बाजूला लिहीत असे. एक पान २१२ नंबरावर संपलं होतं. पुढचं २२४ पासून सुरू होत होतं.

"मधले अकरा नंबर कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"नंबर टाकताना चूक झाली असेल, बाई," व्यवस्थापक मऊ आवाजात म्हणाला. "माणूस आहे. पत्रं गेली म्हणता, तर एक तरी दाखवा."

५

पंधरा क्रमांकाच्या थडग्यात एका निवृत्त शाळामास्तरांना पुरलं होतं. त्यांची बायकोही मास्तरीणच. गुरुवारी सकाळी वकीलबाईंनी तिच्या घराची कडी वाजवली, तेव्हा आतून काठीचा आवाज आला. खुर्चीवर अर्धवट विणलेला स्वेटर होता, आणि लोकर लाल.

"या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चार दिवस झाले, मी वाटच बघतेय कुणीतरी येईल म्हणून. आपण होऊन जायचं धाडस झालं नाही. आयुष्यभर पोरांना सांगितलं, चूक झाली की हात वर करा. माझा हात काही वर झाला नाही."

त्यांनी पायावरची पट्टी दाखवली. नडगी काळीनिळी पडली होती.

"रविवारी मास्तरांना फुलं ठेवली. उरलेली नेहमीसारखी शेजारच्या थडग्यावर ठेवायला वाकले. चक्कर आली म्हणून दगडाला टेकले, आणि तो आलाच अंगावर. जरा बाजूला झाले म्हणून पायावर निभावलं. म्हातारा धावत आला. पांढराफटक पडला होता. मला म्हणाला, बाई, तुम्ही काही केलेलं नाही, घरी जा, कुणाला सांगू नका. मला वाटलं, माझ्या हातून दगड मोडला ते तो झाकतोय. मग दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की त्यालाच धरला. तुमचं भाषणही वाचलं. मग तर दारच लावून घेतलं."

सगळं जागच्या जागी बसलं. दगड कुणाच्या अंगावर पडू शकतो हे ओळंबानं डोळ्यांनी पाहिलं, आणि परवानगी गेली खड्ड्यात म्हणून उरलेले दहा त्यानं संध्याकाळपर्यंत एकट्यानं निजवले. हेतू अपमानाचा नव्हता. हेतू नाही, तर मोठं कलम नाही.

"पण शेजारच्या थडग्याला तुम्ही फुलं का ठेवता?" वकीलबाईंनी सहज विचारलं. "ओळखीचं कुणी?"

"छे हो. पण तिथं कधीच कुणी येत नाही. नऊ वर्षांत एक माणूस बघितलं नाही. आणि दगडावरची ओळ फार छान आहे. रोज वाचते मी. 'हिचा टाका कधी उसवला नाही.' मला वाटतं, ज्या लेकरानं हे लिहिलं त्याचं आईवर किती प्रेम असेल, मग ते येत का नसेल? मेलं असेल बिचारं, असं म्हणून ठेवते फुलं."

वकीलबाईंच्या हातातला पाण्याचा पेला खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना. ती ओळ त्यांनीच लिहिली होती.

६

आईचं जुनं घर बंद होतं. तिथं येणारी पत्रं शेजारच्या काकू गोळा करून ठेवत आणि वकीलबाई वर्षा-सहा महिन्यांनी ती घेऊन येत. दफनभूमीच्या शिक्क्याची पाकिटं त्या फोडत नसत. थडग्याची साफसफाई, झाडांची छाटणी, काहीतरी आठवण करून देणारं असणार. फेकवतही नसे. ती ओट्याखालच्या शेवटच्या खणात, दोऱ्या आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खाली जात.

त्या स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या आणि खण रिकामा केला. सात पाकिटं निघाली. पाचवं दोन वर्षांपूर्वीचं. टपालाचा शिक्का स्वच्छ, डिंक जसाच्या तसा, आणि कोपऱ्यात व्यवस्थापकाच्या अक्षरात जावक क्रमांक २१९.

उघडलेलं पत्र असतं तर कुणीही म्हटलं असतं की मागाहून आत घातलं. हे कधी उघडलंच गेलं नव्हतं, म्हणून ते खोटं पाडता येणार नव्हतं. त्यांचा सगळा नाकर्तेपणा त्या डिंकात शाबूत होता.

मोठ्या साहेबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, तुमची आई यात आहे म्हटल्यावर ही फाईल तुमच्याकडे राहत नाही, हे तर कळतंय ना?"

"कळतंय. म्हणूनच आले."

"मग ऐका. हे पाकीट परत खणात ठेवा. चष्मेवाल्याला सांगतो, छोटं कलम लाव. म्हातारा दंड भरेल, सुटेल. व्यवस्थापक गप्प राहील. पायरीवर काय बोललात ते लोक विसरतील. पुढच्या वर्षी या खुर्चीत कोण बसणार ते अजून ठरायचंय. साप भी मरे, लाठी भी न टूटे."

वकीलबाईंना मोह झाला. थोडाथोडका नाही, चांगला झाला. छोटं कलम कायद्यात बसत होतं; परवानगीविना दगडाला हात लावलाच होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तिसऱ्या रांगेत एक बाई निजली होती आणि तिचा नवरा रोज तिच्याशी बोलायला यायचा, एवढंच काय ते बंद होणार होतं. ज्यांना फाटक उघडं होतं त्या नऊ वर्षं गेल्या नव्हत्या, आणि जो रोज जायचा त्याच्यासाठी त्या फाटक लावायला निघाल्या होत्या. त्यांना स्वतःची किळस आली.

"नको साहेब," त्या म्हणाल्या. "मी साक्ष देते."

बाहेर चष्मेवाला उभा होता. फाईल आता त्याची झाली होती.

"मॅडम, पाकिटावरचा नंबर सांगितला तसं व्यवस्थापकानं कबूल केलं. वरून विचारलं असतं की धोका माहीत होता तर दोन वर्षं काय करत होतास, त्या भीतीनं पान फाडलं म्हणाला. त्याला कोणतं लावू? मोठ्यातलं मोठं शोधू?"

वकीलबाईंच्या तोंडाशी हो आलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणीतरी हवंय, आपल्यापेक्षा जास्त दोषी.

"मला विचारू नकोस. आज माझी कात्री रागात आहे. तू माप घे आणि तू ठरव."

त्या संध्याकाळी त्यांनी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. मग दादा म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं येतो," आणि फोन ठेवला.

७

शुक्रवारी कोर्टात माणसं दाटीवाटीनं बसली होती. सोमवारचे वार्ताहर पहिल्या बाकावर. सव्वीस वर्षं ज्या पिंजऱ्यातल्या माणसांना वकीलबाईंनी प्रश्न विचारले, त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या उभ्या राहिल्या. तिथून खोली वेगळी दिसते. सगळ्यांची तोंडं आपल्याकडे असतात.

न्यायाधीशांनी नंबर वहीशी ताडून पाहिला, डिंक सगळ्यांना दाखवला आणि पाकीट कापलं. आत रेघांचा कागद होता. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"'नमस्कार. तुमच्या माणसाचा दगड मी बसवला. त्यात लोखंडी खुंटी घातली, ही चूक माझी. दगड आता हलतो. एकदा येऊन बघून जा आणि हात लावायची परवानगी द्या. मी नीट करून देईन. कुणाला लागायच्या आत या. दगड बसवणारा.'"

मागच्या बाकांवर त्या दहा कुटुंबांतली काही माणसं होती. बुधवारी फोनवर जोरात नाही म्हणणारे आता बुटांकडे बघत होते. मास्तरीणबाईंनी हात वर केला होता. अजून कुणी विचारलं नव्हतं, तरी तो वरच होता.

मास्तरीणबाईंची साक्ष झाली. चष्मेवाला उठला. आरोपीचा हेतू अपमानाचा नव्हता, नुकसानीचाही नव्हता, सरकारला हा खटला चालवायचा नाही, असं त्यानं तीन वाक्यांत सांगितलं. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि लिहिता लिहिता वकीलबाईंकडे बघितलं.

"नोंदीसाठी एकच. त्या थडग्याशी तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?"

नऊ वर्षांपूर्वी, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. लाजिरवाणं होतं, पण लोक समजून घेतात. खरं उत्तर मात्र ते नव्हतं.

"याच मंगळवारी, साहेब. तासभर होते. मोजमापं घेतली. ओळखलं नाही मी."

शेवटच्या बाकावर दादानं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

बाहेर पायरीवर, सोमवारी त्या जिथं बोलल्या होत्या तिथंच, ओळंबा उभा होता. त्यानं आभार मानले नाहीत, की दोष दिला नाही. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते. त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"सही लागेल, बाई. परवानगीची. आता पुन्हा तसा हात लावायचा नाही मी."

वकीलबाईंनी सही केली. आयुष्यात इतक्या कागदांवर सह्या केल्या, पण ही करताना त्यांना खाली आपलं नाव लिहून पुढे 'मुलगी' असं लिहावं लागलं.

"पितळ आहे माझ्याकडे," म्हातारा म्हणाला. "तुकडेही जोडता येतील. ओळ वाचता येईल. पण घरचं माणूस समोर लागतं. कधी जमेल तुम्हाला?"

या रविवारी, असं सवयीनं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मागे दादा पायऱ्या उतरत होता.

"आत्ता," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे चला. मला वाट नीट माहीत नाही."